'स्कार्लेट स्ट्रीट' (1945) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रिट्झ लांग यांचा 'स्कार्लेट स्ट्रीट' पाहून उठलेल्या प्रेक्षकाच्या मनात जे प्रश्न हमखास घोळत राहतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांत कथानक शेवटापर्यंत उघड केलेले आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी पहिल्या दोन प्रश्नांपाशी थांबावे आणि पावणेदोन तासांच्या आत संपणारा हा चित्रपट आधी पाहून घ्यावा.

चित्रपट थोडक्यात कशाबद्दल आहे?

काळ 1934 चा, शहर न्यूयॉर्क. ख्रिस्तोफर क्रॉस हा एका व्यापारी पेढीतला रोखपाल आहे. पंचवीस वर्षे इमानेइतबारे नोकरी केल्याबद्दल मालक त्याला मेजवानी देतो आणि सोन्याचे खिशातले घड्याळ भेट देतो. त्याच रात्री घरी परतताना, पावसाने ओल्या झालेल्या ग्रीनिच व्हिलेजच्या रस्त्यावर एक पुरुष एका तरुणीला मारहाण करताना त्याला दिसतो. ख्रिस छत्री उगारून धावून जातो. ती तरुणी म्हणजे किटी मार्च आणि मारणारा तिचाच प्रियकर जॉनी प्रिन्स, हे ख्रिसला बऱ्याच उशिरा कळते. दारूच्या गुत्त्यात दोघे गप्पा मारत बसतात. ख्रिस चित्रांविषयी बोलतो, त्यावरून तो श्रीमंत चित्रकार असावा असा समज किटी करून घेते आणि ख्रिस तो समज खोडून काढत नाही. आपण नटी आहोत असे ती भासवते, तेही तो मानतो. पुढचे सगळे या दोन थापांवर उभे आहे.

ख्रिसची भूमिका एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी, किटीची जोन बेनेट यांनी आणि जॉनीची डॅन ड्युरिया यांनी केली आहे. पटकथा डडली निकल्स यांची व छायालेखन मिल्टन क्रॅस्नर यांचे आहे.

याला 'फिल्म न्वार' का म्हणतात?

'न्वार' म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. महायुद्धाच्या काळात अडकून पडलेले अमेरिकी चित्रपट 1946 मध्ये पॅरिसमध्ये एकदम पोहोचले, तेव्हा त्यांतल्या काळोख्या, निराश गुन्हेपटांसाठी निनो फ्रँक या समीक्षकाने हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. म्हणजे लांग हा चित्रपट करत होते, तेव्हा आपण 'न्वार' करत आहोत हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ओले रस्ते, दिव्याखालच्या लांब सावल्या, मोहात पाडणारी स्त्री आणि एका चुकीच्या पावलामागून घसरत जाणारा सामान्य पुरुष, ही या प्रकाराची ओळख येथे पुरेपूर आहे. मात्र पिस्तूल, खासगी गुप्तहेर आणि चटपटीत संवाद यांची अपेक्षा ठेवून बसणाऱ्याची निराशा होईल. येथे रोखपाल आहे, त्याचा स्वयंपाकघरातला एप्रन आहे आणि बर्फ फोडण्याचा टोच्या आहे.

ख्रिस इतका भोळा कसा? त्याला काहीच कसे कळत नाही?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्यामागे किंचित त्रागाही असतो. माझे उत्तर असे की, ख्रिस भोळा नाही, तो राजी आहे. फसवणूक पत्करण्याची त्याची तयारी किटी भेटण्याच्या आधीच झालेली असते.

सुरुवातीची मेजवानी नीट पाहावी. मालक हॉगार्थ समारंभ अर्धवट सोडून खाली मोटारीत वाट पाहणाऱ्या एका तरुणीकडे जातो. ख्रिस वरून ते पाहतो आणि अशा तरुण मुलीने आपल्यावर प्रेम केले तर कसे वाटत असेल, असे सोबतच्या मित्रापाशी बोलून दाखवतो. घरी ॲडेल ही त्याची पत्नी आहे. ती विधवा होती आणि तिचा पहिला नवरा, हिगिन्स नावाचा पोलीस, बुडून मेला असे सर्वांना वाटते. त्याचे भलेमोठे चित्र दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेले आहे आणि जिवंत नवरा त्याच्याखाली वावरतो. ख्रिस रविवारी न्हाणीघरात चित्रे काढतो, कारण घरात दुसरीकडे त्याला जागा दिलेली नाही. अशा माणसाला खरे-खोटे पारखायचेच नसते. कोणी तरी आपल्याला पाहिले, एवढ्यावर त्याचे भागते.

शिवाय पहिली थाप त्याचीच आहे, हे विसरू नये. तो स्वतःला चित्रकार म्हणवून घेऊ देतो, विवाहित असल्याचेही लगेच सांगत नाही. मग त्या थापेला जागण्यासाठी पैसे लागतात. तो आधी पत्नीच्या कपाटाला आणि नंतर पेढीच्या तिजोरीला हात घालतो. पंचवीस वर्षांत ज्याच्या हिशेबात कधी फरक पडला नाही, त्याच्या हाताला ही सवय किती लवकर लागते, हे लांग कोणताही गाजावाजा न करता दाखवतात.

किटी खलनायिका मानावी का?

ती क्रूर आहे, आळशी आहे आणि खोटे बोलते, यात वाद नाही. पण तिला मोहिनी-राक्षसी ठरवून मोकळे होणे हा चित्रपटावर अन्याय आहे. ख्रिसची जी अवस्था किटीपायी झाली आहे, तीच किटीची जॉनीपायी झाली आहे. तो तिला मारतो, पैसे काढून घेतो, हिणवतो, आणि ती त्याच्याकडेच परत जाते. तिच्या मैत्रिणीला, मिलीला, हे स्पष्ट दिसते. किटीला दिसत नाही, किंवा दिसूनही ते चालते. वेड एकाच प्रकारचे आहे, फक्त पायरी वेगळी. जॉनी तेवढा कोणावरही प्रेम करत नाही आणि म्हणून सर्वांत हलका चालतो.

जोन बेनेट यांनी ही भूमिका सहानुभूतीची भीक न मागता केली आहे. भाड्याच्या स्टुडिओत लोळत पडलेली, पसाऱ्याकडे न पाहणारी, पायाची नखे ख्रिसकडून रंगवून घेणारी किटी विसरता येत नाही. नखे रंगवण्याच्या त्या प्रसंगात चित्रकाराच्या हाती पहिल्यांदा एक प्रेक्षक येतो, आणि तो प्रेक्षक पाय पुढे करतो. या एका चित्रचौकटीत दोघांचे अख्खे नाते सामावले आहे.

किटी आणि जॉनी यांचा नेमका उद्योग काय?

मूळ फ्रेंच कादंबरीत ती वेश्या आणि तो तिचा दलाल आहे. हॉलिवूडच्या तत्कालीन निर्मितीसंहितेत, म्हणजे पडद्यावर काय दाखवावे व काय नाही याच्या नियमावलीत, हे उघड दाखवणे शक्य नव्हते, म्हणून ते धूसर ठेवले गेले. तरी शीर्षकातल्या 'स्कार्लेट', म्हणजे किरमिजी, या शब्दाला बायबलपासून चिकटलेला पापाचा, वेश्यावृत्तीचा अर्थ त्या काळच्या प्रेक्षकाला कळत होता.

चित्रांवर आपल्या नावाऐवजी किटीचे नाव लागले, हे कळल्यावर ख्रिस संतापत का नाही?

माझ्या मते संपूर्ण चित्रपटाची किल्ली या प्रश्नात आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

घटनाक्रम असा. ख्रिसने किटीच्या स्टुडिओत ठेवलेली चित्रे जॉनी परस्पर विकायला नेतो. वॉशिंग्टन स्क्वेअरच्या पदपथावर चित्रे मांडणाऱ्या एका विक्रेत्याकडे ती पडून असताना जेनवे या नामांकित समीक्षकाच्या नजरेस पडतात आणि तो चित्रकाराचा शोध घेत दारात येतो. जॉनी क्षणभरही न डगमगता सांगतो की चित्रे किटीने काढली आहेत. किटीला चित्रकलेतले ओ की ठो कळत नाही, पण ख्रिसने कधी तरी भावुक होऊन उच्चारलेली वाक्ये तिला आठवतात. ती तीच वाक्ये समीक्षकासमोर म्हणते आणि तो भारावतो. ज्या बोलण्याचा तिला कंटाळा आला होता, तेच आता तिचे भांडवल होते.

पुढे ॲडेल एका प्रतिष्ठित गॅलरीच्या खिडकीत किटीच्या नावाची चित्रे पाहते आणि घरी येऊन नवऱ्यावर तोंडसुख घेते की, तू त्या बाईची चित्रे चोरून नक्कल करतोस. ख्रिस धावत किटीकडे जातो. ती रडण्याचे सोंग करून पैशांची गरज होती असे सांगते. आणि ख्रिस आनंदतो! हे म्हणजे आपण विवाहबद्ध झाल्यासारखेच आहे, फक्त बायकोने नवऱ्याचे नाव घेण्याऐवजी मी तुझे नाव घेतले, अशा अर्थाचे तो बोलतो. त्यानंतर तो तिचे एक चित्र काढतो आणि त्याला नाव मिळते 'आत्मचित्र'.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब लिहिले, त्याने पहिल्यांदा स्वतःचे म्हणावे असे काही निर्माण केले आणि ते निर्माण होताच दुसऱ्याच्या नावे करून टाकले. येथे फसवणारा आणि फसणारा यांच्यातली रेघ पुसली जाते, कारण लबाडी उघडकीला आलेली आहे आणि तरीही ती चालू राहते, आता दोघांच्या संमतीने. पुढे न्यायालयात आणि पोलिस चौकीत जे घडते, त्याचा दस्तऐवज या सहीनेच तयार होतो.

खून केला ख्रिसने, मग शिक्षा जॉनीला कशी होते?

मधल्या काळात हिगिन्स जिवंत परततो. तो बुडाला नव्हता, स्वतःच्या भानगडींतून सुटण्यासाठी त्याने मेल्याचा देखावा केला होता. ख्रिस त्याला युक्तीने ॲडेलसमोर उभे करतो, कारण पहिला नवरा जिवंत म्हणजे आपला विवाह रद्द. बॅग भरून तो किटीकडे येतो, तर काचेच्या दारापलीकडे ती जॉनीच्या मिठीत. ग्रामोफोनवर 'माय मेलन्कोली बेबी' हे त्या काळचे लोकप्रिय गाणे लागलेले असते आणि सुई एकाच जागी अडकून 'प्रेमात' या अर्थाचे दोन शब्द पुन्हा पुन्हा उगाळत राहते.

जॉनी भांडून निघून जातो. ख्रिस परत येतो आणि पलंगावर तोंड लपवलेली किटी रडते आहे असे समजून तिला लग्नाचे विचारतो. ती रडत नसते, हसत असते. तो म्हातारा आहे, कुरूप आहे, हे ती त्याला तोंडावर ऐकवते. हाताशी टोच्या असतो.

त्यानंतर जॉनी दारू पिऊन तेथे येतो आणि दाराची काच फोडून आत शिरतो, म्हणजे संशयाला लागणारे सगळे पुरावे स्वतःच मागे ठेवतो. खटल्यात तो ओरडून सांगतो की चित्रे ख्रिसची होती, त्यालाच किटीवर राग असणार. साक्षीदार एकामागून एक येतात आणि ख्रिसला चित्रकला येतच नाही असे सांगतात. ॲडेलही तेच सांगते. शेवटी ख्रिस स्वतः कबूल करतो की आपल्याला चित्र काढता येत नाही. नाव देऊन टाकण्याची जी कृती त्याने प्रेमापोटी केली होती, तीच आता त्याचा जीव वाचवते आणि जॉनीला सिंगसिंग तुरुंगातल्या विजेच्या खुर्चीवर बसवते.

खुनी कायद्याच्या हातून सुटतो, हे त्या काळच्या संहितेला कसे चालले?

गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, असा संहितेचा दंडक होता आणि 1934 पासून तो कडकपणे राबवला जात होता. संहितेच्या कार्यालयाचे प्रमुख जोसेफ ब्रीन यांच्यासमोर युक्तिवाद असा होता की, ख्रिसला शिक्षा होते, फक्त ती न्यायालय देत नाही. चित्रपटात ही भूमिका आगगाडीतला एक बातमीदार बोलून दाखवतो. प्रत्येकाच्या आत एक न्यायालय असते आणि तेथून कोणी सुटत नाही, असे त्याचे म्हणणे. हा संवाद मला जरा शाळामास्तरी वाटतो. पण त्यानंतरचा प्रसंग त्याची भरपाई करतो. स्वस्त हॉटेलच्या खोलीत, खिडकीबाहेर पाटीचा दिवा उघडमीट करत असताना, किटी आणि जॉनी एकमेकांना लाडाने हाका मारत असल्याचे ख्रिसला ऐकू येते. आपण दोघांना कायमचे एकत्र आणून ठेवले, ही त्याची खरी शिक्षा आहे. तो गळफास घेतो आणि लोक त्याला वाचवतात.

चित्रपटावर बंदी आली होती, हे खरे का?

होय. 4 जानेवारी 1946 रोजी न्यूयॉर्क राज्याच्या सेन्सॉर मंडळाने त्याला परवानगी नाकारली. मिलवॉकी आणि अटलांटा या शहरांतही बंदी आली. न्यूयॉर्कमध्ये काही काटछाट केल्यावर प्रदर्शनाचा मार्ग मोकळा झाला. टोच्याचे किती घाव पडद्यावर दिसावेत, हा त्या काटछाटीतला मुख्य मुद्दा होता. निरपराध माणसाला मृत्युदंड होतो, यापेक्षा घावांची संख्या अधिक खटकावी, हे सेन्सॉरच्या परंपरेला धरूनच झाले.

ख्रिसची चित्रे प्रत्यक्षात कोणी काढली?

जॉन डेकर या चित्रकाराने. ती मुद्दाम अशी काढली आहेत की, एकाला ती अडाणी वाटावीत आणि दुसऱ्याला अस्सल. आपल्याला यथार्थदर्शन कधी जमलेच नाही, असे ख्रिस सांगतो. किटीने दिलेले फूल तो न्हाणीघरात रंगवत असताना त्याचा मित्र चार्ली एकदा फुलाकडे, एकदा चित्राकडे पाहतो आणि तुला हे फूल असे दिसते का, म्हणून विचारतो. त्या कोमेजल्या फुलाचे जे होते, तेच किटीचेही होते. ख्रिसला दिसणारी किटी फक्त त्याच्या चित्रात राहते.

जाता जाता सांगायचे म्हणजे, रॉबिन्सन स्वतः जाणकार चित्रसंग्राहक होते आणि फ्रेंच दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रांचा त्यांचा संग्रह नावाजलेला होता. पडद्यावर त्यांना रविवारचा हौशी चित्रकार व्हावे लागले.

याच कथेवर आधी फ्रेंच चित्रपट झाला होता ना? दोन्हींत फरक काय?

जॉर्ज द ला फुशार्दियेर यांच्या 'ला शिएन', म्हणजे 'कुत्री', या कादंबरीवर ज्याँ रन्वार यांनी 1931 मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. त्यात मिशेल सिमाँ नायक होते. रन्वार यांचा नायक शेवटी भिकारी होतो, पण सुखात असतो. स्वतःचे चित्र मोटारीतून विकत नेले जाताना त्याला दिसतही नाही आणि बायकोच्या पहिल्या नवऱ्यासोबत तो मजेत भटकतो. सदसद्विवेकाची टोचणी त्याला नाही. लांग यांचा नायक त्याच रस्त्यावर येतो, पण टोचणीसह. मला रन्वार अधिक धाडसी आणि लांग अधिक निष्ठुर वाटतात. दोन्ही पाहावेत, मात्र एकाच आठवड्यात नकोत.

'द वुमन इन द विंडो' आणि हा चित्रपट यांत गोंधळ होतो. काय करावे?

गोंधळ स्वाभाविक आहे. 1944 च्या त्या चित्रपटात दिग्दर्शक, छायालेखक आणि तिन्ही प्रमुख कलाकार हेच आहेत, आणि तेथेही प्रौढ, सभ्य पुरुष एका स्त्रीच्या ओढीने गुन्ह्यात अडकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. तेथे सगळे स्वप्न निघते, येथे कोणी जागे होत नाही.

लांग यांचा भारताशी काही संबंध होता का?

व्हिएन्नात 1890 साली जन्मलेल्या लांग यांनी जर्मनीत 'मेट्रोपोलिस' आणि 'एम' केले, 1933 मध्ये देश सोडला आणि पॅरिसमार्गे हॉलिवूड गाठले. कारकिर्दीच्या अखेरीस जर्मनीत परतून त्यांनी भारतात घडणारे दोन जोडचित्रपट 1959 मध्ये केले आणि त्यांचे काही चित्रीकरण उदयपूरला झाले. मराठी वाचकाला जवळचा धागा मात्र त्यांच्या घरातला आहे. त्यांच्या जर्मन काळातल्या गाजलेल्या चित्रपटांच्या लेखिका आणि पत्नी थेआ फॉन हार्बो यांनी घटस्फोटानंतर बेळगावजवळच्या बेळगुंदीचे अयी तेंडुलकर यांच्याशी विवाह केला. तेंडुलकर तेव्हा बर्लिनमध्ये होते. 'स्कार्लेट स्ट्रीट'शी याचा काही संबंध नाही, परंतु हा प्रश्न दर वेळी येतो.

कोणती प्रत पाहावी?

अमेरिकेत या चित्रपटाचे स्वामित्वहक्क नूतनीकरणाअभावी संपले, त्यामुळे इंटरनेटवर त्याच्या धुरकट, ओरखड्यांनी भरलेल्या प्रती मुबलक आहेत. त्या टाळाव्यात. क्रॅस्नर यांच्या चित्रणात किटीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा रेनकोट दिव्याखाली चमकतो, आणि खराब प्रतीत तो नुसता राखाडी डाग होतो. मी पहिल्यांदा अशीच प्रत पाहिली आणि पहिल्या भेटीच्या प्रसंगात ख्रिस एवढा कशाने दिपला, हेच मला समजले नव्हते.

शेवटच्या दृश्यात रस्ता अचानक रिकामा का होतो?

वर्षे लोटली आहेत, नाताळचे दिवस आहेत. ख्रिस बाकावर झोपणारा बेघर झाला आहे. तो पोलिसांना वारंवार सांगतो की खून मी केला, मला शिक्षा करा. पोलीस त्याला वेडा समजून हाकलतात. सांगण्यासारखे त्याच्याकडे सगळे आहे, फक्त ते खरे ठरवणारे नाव उरलेले नाही.

मग तो गॅलरीवरून चाललेला असतो. किटीचे ते 'आत्मचित्र' माणसे उचलून बाहेर आणतात. दहा हजार डॉलरना ते विकले गेले आहे आणि गॅलरीमालक गिऱ्हाईक बाईशी बोलतो आहे. चित्र ख्रिसच्या अगदी जवळून जाते. तो पाहतो, पण थांबत नाही. गर्दीचा रस्ता, नाताळची खरेदी करणारे लोक, आणि मग ते सगळे विरून जातात व रिकाम्या रस्त्यावर पाठमोरा ख्रिस एकटा चालत राहतो. लांग यांनी हे साध्या विरघळत्या जोडदृश्याने साधले आहे. लोक निघून गेले, असा त्याचा अर्थ लावू नये. ते तेथेच आहेत, ख्रिसला ऐकू येतात ते मात्र दोनच आवाज.